आयातीचे कागद: एका कंटेनरमागे आपले किती तास जातात, कोणी मोजलेत का?

चटईवाला_जळगाव

मंडळी, जळगाव एमआयडीसीत माझं चटईचं छोटं युनिट आहे. वर्षाला चार-पाच कंटेनर पीपी दाणा (चटईसाठीचं प्लास्टिक) मलेशियाहून येतो, अधूनमधून चीनहून लूमचे सुटे भाग. माल न्हावा शेवाला उतरतो आणि ट्रकने इथे येतो. कागद उलट दिशेने जातात, आणि ट्रकपेक्षा जास्त फेऱ्या मारतात.

परवा न्यू जर्सीतल्या शाळासोबत्याशी बोलणं झालं (त्याचा इथे आयडी आहे, येईलच). तो म्हणाला, तिथल्या कस्टम्सला एखादा फॉर्म पुढे चालू ठेवायचा असेल तर आधी जाहीर नोटीस काढावी लागते. हा फॉर्म भरायला एका व्यापाऱ्याला इतकी मिनिटं लागतात असा आमचा अंदाज आहे, तो बरोबर आहे का, फॉर्म लागतो तरी का, लोकहो सांगा. मला आधी वाटलं फेकतोय. मग त्याने वाचून दाखवलं.

फोन ठेवला आणि लक्षात आलं की माझ्या स्वतःच्या ऑफिसात एका कंटेनरमागे किती तास जातात हे मलाच माहीत नाही. कागद बघणाऱ्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "तास काय विचारता साहेब, वार विचारा."

आमची असोसिएशन दर वर्षी अर्थसंकल्पाआधी निवेदन पाठवते. 'आयात प्रक्रिया सुलभ करावी' हे वाक्य मी त्यात दहा वर्षं वाचतोय. या वेळी आकडे घालायचा विचार आहे. तुमच्याकडे किती वेळ जातो, कोणता कागद खरोखर कामाचा आणि कोणता नुसता फिरतो, ते लिहा. माझा एक कंटेनर आत्ताही अडकलाय, त्याचं रामायण नंतर सांगतो.

शेवभाजी

निवेदनाच्या किती प्रती लागतात ते आधी विचारून घ्या.

न्यूजर्सीचा_भुसावळकर

आलो. फेकत नव्हतो रे.

कायद्याचं नाव पेपरवर्क रिडक्शन ॲक्ट. १९८० चा, १९९५ मध्ये नव्याने केलेला. कोणत्याही केंद्रीय खात्याला दहा किंवा जास्त लोकांकडून ठरावीक माहिती मागवायची असेल तर आधी ६० दिवसांची नोटीस, मग वरच्या कार्यालयाकडे मंजुरीला पाठवताना आणखी ३० दिवसांची. मंजुरी जास्तीत जास्त ३ वर्षांची, नंतर पुन्हा तीच वारी. फॉर्मवर मंजुरीचा क्रमांक छापावा लागतो. चालू क्रमांक नसेल तर तो फॉर्म भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात आवडते.

पण इथे रामराज्य आहे असं समजू नका. मी कस्टम्स ब्रोकरकडे नोकरी करतो. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाची आगाऊ माहिती जहाजावर माल चढायच्या २४ तास आधी द्यावी लागते, चुकलं तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. नोटिशीतले मिनिटांचे अंदाज वाचून आमच्या ऑफिसात लोक हसतात, कारण त्यात टायपिंगचा वेळ दिसतो, पुरवठादाराच्या मागे लागण्याचा दिसत नाही. गंमत म्हणजे हसणाऱ्यांपैकी एकानेही अजून हरकत पाठवलेली नाही. माझ्यासकट.

उरणकर_अमळनेरी

मी सीएचए, आयातदारांच्या वतीने कस्टम्सचं काम बघणारा एजंट. म्हणजे २०१३ च्या नियमांपासून आमचं सरकारी नाव 'कस्टम्स ब्रोकर' झालं, पण आमचे लोक सीएचएच म्हणतात, बायकोसुद्धा.

कागदावर बघाल तर कागद तीनच आहेत. २०१५ साली डीजीएफटीने (परदेशी व्यापाराचं केंद्रीय कार्यालय) आयातीला सक्तीचे कागद तीनवर आणले: बीएल (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), इनव्हॉइस-कम-पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ एन्ट्री (आयातदाराने कस्टम्सला दिलेलं मालाचं विवरण). बातमी आली तेव्हा आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. खाली बारीक अक्षरात होतं, मालाच्या प्रकारानुसार इतर कागद मागता येतील. आता ते 'इतर' म्हणजे काय ते बघा. सवलतीची ड्युटी हवी तर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे माल कोणत्या देशात बनला त्याचा दाखला. धान्य-कडधान्य असेल तर फायटो (माल कीडमुक्त असल्याचा दाखला), फ्युमिगेशन (किडे मारायला धूर दिल्याचा दाखला), प्लांट क्वारंटाइनची रिलीज ऑर्डर, शिवाय अन्नसुरक्षावाल्या एफएसएसएआयची एनओसी. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) सक्तीखाली येणारी वस्तू असेल तर परदेशातल्या कारखान्याचंच लायसन. तीनाचे तेरा.

सुधारणा झाली नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ मध्ये ई-संचित येण्याआधी मी फायली काखोटीला मारून टेबलं फिरलोय. आता सगळं अपलोड होतं, प्रत्येक कागदाला नंबर पडतो. २०२० च्या ऑक्टोबरअखेरपासून देशभर फेसलेस आहे, न्हावा शेवाचं बिल चेन्नईला किंवा कोलकात्याला बसलेला अधिकारी तपासतो. टेबलाखालचं काम संपलं. पण त्यासोबत टेबलापलीकडचा माणूसही गेला. पूर्वी 'साहेब, हा भाग चटई विणायच्या मशीनचा आहे' हे मी सुटा भाग हातात धरून दाखवायचो. आता तेच मला इंग्रजीत, मोजून दिलेल्या अक्षरांत, न बघितलेल्या माणसाला समजवावं लागतं.

केळीपट्टा

रावेरहून हजेरी. आम्ही केळी बाहेर पाठवणारे, आमचे कागद वेगळे. पण एकदा टिश्यू कल्चरची रोपं मागवायचं मनात आलं होतं. परमिटची यादी वाचली आणि सावद्याच्या नर्सरीतूनच घेतली.

शेवभाजी

यालाच आत्मनिर्भर म्हणतात का भो?

कळण्याची_भाकरी

धागाकर्त्यांच्या ताईंसाठी टाळ्या. मीही त्यातलीच, भुसावळजवळच्या एका कारखान्यात आयातीचे कागद गेली नऊ वर्षं मी बघते. इथे मालक आणि सीएचए बोलतायत. भरणारे हात आमचे असतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

लोकांना वाटतं काम माल पोहोचल्यावर सुरू होतं. माझं काम ऑर्डर गेली त्या दिवशी सुरू होतं. पुरवठादार इनव्हॉइसचा मसुदा पाठवतो, तो मी तपासते. मग बीएलचा मसुदा. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बीएल, ओरिजिन आणि विमा या पाचांवर आमच्या कंपनीचं नाव, पत्ता, मालाचं वर्णन, वजन, नग हे एकसारखं हवं. एकसारखं म्हणजे अक्षरशः. एकावर 'प्रा. लि.' आणि दुसऱ्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' आलं तर कस्टम्सची क्वेरी येईलच असं नाही, पण येऊ शकते, म्हणून मी ते बदलून घेते. चीनमधली ऑफिसं आपल्या आधी बंद होतात, व्हिएतनामची सण-सुट्टी वेगळी, आमचं नेट दुपारी गेलेलं. एका शब्दासाठी तीन दिवस.

एकदा बीएलवर जळगावचं स्पेलिंग 'जळगोआन' झालं. माझ्या नजरेतून सुटलं, माझीच चूक. जहाज लागलं, आयजीएममध्ये (जहाजावरच्या मालाची कस्टम्सला दिलेली यादी) तेच गेलं. दुरुस्तीसाठी लाइनला, म्हणजे जहाज कंपनीला पत्र, त्यांची फी, मग कस्टम्सकडे अर्ज. पाच दिवस आम्ही कागदोपत्री गोव्याला होतो.

आणि माल कारखान्यात उतरून, वापरून, त्याचा पक्का माल विकून झाला तरी माझं संपत नाही. २०१६ पासून बँकांकडे रिझर्व्ह बँकेची एक प्रणाली आहे, तिथे परदेशी पाठवलेला पैसा आणि बिल ऑफ एन्ट्री यांची जोडी जुळावी लागते. आगाऊ रक्कम दोन हप्त्यांत दिली असेल आणि माल एकाच बिलात आला असेल तर बँकेतून फोन येतो, मॅडम, मॅच होत नाहीये. माहिती कस्टम्सकडे आहे, बँकेकडे आहे, दोघांच्या मध्ये मी आहे.

मोजलं नाही कधी. उद्यापासून एक वही करते.

सीए_धुळे

+१. विशेषतः बँकेच्या मुद्द्याला. मार्चअखेरीस माझ्याकडे येणाऱ्या आयातदारांचे निम्मे फोन त्याच जोडीचे असतात.

कोरडवाहू

पारोळा तालुका, साडेसहा एकर कोरडवाहू, त्यात तूर आणि कापूस.

सगळ्यांचं वाचलं. वाईट वाटलं. आता माझं ऐका. मे २०२१ मध्ये तूर खुल्या आयातीच्या यादीत आली. मोझांबिकशी त्याच्या आधी २०१६ मध्येच करार झालेला. आमची तूर बाजारात येते तेव्हा बाहेरची तूर गोदामात असते, आणि व्यापारी आम्हाला सांगतो, बंदरावर इतक्याला पडतेय, तुला जास्त कसा देऊ? तुम्हा लोकांचे कागद कमी झाले की माझा भाव कमी होतो. मग मी कशाला म्हणू, कागद कमी करा? मी तर म्हणतो अजून चार वाढवा.

आणि तास मोजायचेच तर आमचेही मोजा. ई-पीक पाहणी करायला मोबाईल घेऊन बांधावर उभा राहतो, रेंज नाही. हमीभावाने विकायचं तर ऑनलाइन नोंदणी, सातबारा, आधार, पासबुक, फार्मर आयडी. ओटीपी येतो तो मुलाच्या नंबरवर, मुलगा पुण्याला. बठ्ठा कागद आमनाकडूनच, आनि सवलतना धागा तुमना.

शेवभाजी

बोलती बंद.

डाळमिल_तिसरी_पिढी

कोरडवाहूभाऊ, तुमचा राग समजतो. माझ्या आजोबांनी मिल काढली तेव्हा पाचोऱ्या-पारोळ्याचीच तूर यायची. आज मिल वर्षभर चालवायची तर इथला माल पुरत नाही. तुरीबरोबर ऑस्ट्रेलियाचा हरभरा, कॅनडाचा पिवळा वाटाणा हेही येतं.

पण एक गोष्ट वेगळी करू या. भाव पाडायचा की नाही हे ड्युटीने ठरतं. ड्युटी किती असावी यावर तुम्ही आम्ही भांडू, खुशाल भांडू. कागद हे त्याचं हत्यार नव्हे. कागद वाढले तर मोठा आयातदार दहा माणसं ठेवतो आणि जहाजभर माल आणतो. मरतो तो माझ्यासारखा चार कंटेनरवाला. तुरीचं जहाज काही थांबत नाही, फक्त ते कोणाच्या नावावर येतं ते बदलतं.

कोरडवाहू

हे पटलं नाही असं नाही. पण फायटो काढू नका. बाहेरचं तण आणि किडे आले तर तुमच्या मिलला काही होणार नाही, माझ्या शेताला होईल.

डाळमिल_तिसरी_पिढी

फायटो काढा असं मीही म्हणणार नाही. माझा मुद्दा फ्युमिगेशनचा. आपल्याला जो मिथाइल ब्रोमाइडचा धूर हवा असतो तो देणं काही देशांत बंद किंवा अवघड आहे. मग तिथून धूर न देता माल येतो, इथे आल्यावर दिला जातो, आणि त्यासाठी सवलतीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली जाते. मुदत संपायच्या आठवड्यात माल समुद्रात असला की झोप उडते. एकदाचं काय ते कायमचं लिहून टाका.

पाईपवाला

मुदतवाढीची गोष्ट निघालीच आहे तर आमची ऐका. पीव्हीसी रेझिनवर बीआयएसचा आदेश २०२४ मध्ये निघाला. परदेशातल्या कारखान्यात बीआयएसचा माणूस जाऊन तपासणार, लायसन देणार, मगच त्यांचा माल आत. पुरवठादार म्हणे, आमची पाळी कधी येईल कोण जाणे. मग मुदतवाढ. पुन्हा मुदतवाढ. पुन्हा. प्रत्येक तारखेआधी घाबरून साठा करायचा, व्याज भरायचं, तारीख पुढे गेली की भाव पडायचा. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो आदेशच मागे घेतला. आता त्या काळात भरलेल्या व्याजाचे तास कोणत्या वहीत लिहू?

जळगावच्या पाईपवाल्यांचं यात काय झालं हे सांगायला एक स्वतंत्र धागा लागेल.

शेवभाजी

काढा. पण आयएसआय मार्क असलेला काढा.

जुना_शिक्का

नमस्कार. मी कस्टम्समधून अप्रेझर (मालाची किंमत आणि ड्युटी तपासणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो, सध्या मुक्काम भुसावळ. आजवर फक्त वाचत होतो. आता राहवत नाही.

प्रत्येक कागदामागे कधीतरी झालेली एक चोरी असते. मी स्वतः 'प्लास्टिकचे सुटे भाग' असं लिहिलेल्या कंटेनरमधून काय काय निघताना पाहिलंय ते इथे लिहीत नाही. २०११ पासून स्वयं-निर्धारण आहे, म्हणजे ड्युटी किती ते आयातदारच सांगतो आणि बहुतेक बिलं संगणक न तपासता सोडतो. हा विश्वास ठेवायचा तर मागाहून पडताळायला कागद हवाच. ओरिजिनचे नवे नियम, ज्यांना तुम्ही सगळे शिव्या घालता ते कॅरोटार, २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले, कारण तिसऱ्याच देशाचा माल आसियान (मलेशियासारख्या आग्नेय आशियातल्या) देशांत नुसता उतरवून, शिक्का बदलून सवलतीत आत येत होता. त्यात इथल्याच कारखानदारांचं नुकसान होत होतं. चटईवाल्यांनी विचार करावा, तयार चटया तशा आल्या तर?

अडचण वेगळी आहे, ती मी मान्य करतो. चोर पकडला जातो, पद्धत बदलतो, निघून जातो. त्याच्यासाठी काढलेला कागद मात्र निवृत्त होत नाही. आमच्याकडे कागद सुरू करायची पद्धत आहे, बंद करायची नाही. अमेरिकेतल्या त्या कायद्यात मला मिनिटांपेक्षा ३ वर्षांची मुदत महत्त्वाची वाटते.

आता निवेदनाविषयी. अशी शेकडो निवेदनं मी टेबलावर पाहिली आहेत. 'सुलभ करावी' असं लिहिलेलं पहिल्या ओळीनंतर कोणी वाचत नाही. कोणता नियम, कोणता रकाना, तीच माहिती सरकारकडे आधी कुठे आहे, आणि त्याऐवजी काय करावं, एवढं एका पानात असेल तर खालचा अधिकारी टिपण लिहू शकतो. त्याला टिपण लिहिता आलं तरच कागद वर जातो.

हक्काचंही सांगतो. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आहे, भारताची सही आहे. नियम लागू होण्याआधी व्यापाऱ्यांना मत मांडायची संधी द्यावी असं त्यात आहे. आपल्या सरकारचंही २०१४ चं धोरण आहे, कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा म्हणून. अर्थसंकल्पातल्या बदलांना ते लागत नाही, ते गुपितच राहतात. पण बाकी नियमांचे मसुदे सीबीआयसीच्या (कस्टम्सचं केंद्रीय मंडळ) संकेतस्थळावर येतात आणि मतं मागवली जातात. खान्देशातून किती जातात? माझ्या नोकरीत मला आठवत नाही एकही.

उरणकर_अमळनेरी

साहेबांना नमस्कार. एक भर घालतो. तास मोजत नाहीत असं नाही, मोजतात. दर वर्षी टाइम रिलीज स्टडी होतो. जहाज लागल्यापासून आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची परवानगी मिळेपर्यंत किती तास, हे बंदरवार काढतात. समुद्रमार्गे येणाऱ्या मालाला ४८ तासांचं लक्ष्य ठेवलेलं आहे. म्हणजे घड्याळ आहे, पण ते जहाज धक्क्याला लागल्यावर चालू होतं.

कळण्याची_भाकरी

आणि माझं तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. ते कोणत्याच घड्याळात नाही.

चटईवाला_जळगाव

ताई, मला निवेदनाचं पहिलं वाक्य मिळालं.

न्यूजर्सीचा_भुसावळकर

इथे मी म्हणत होतो तेच आहे हे. सरकार स्वतःचा वेळ मोजतं, भरणाऱ्याचा नाही. तो कायदा भरणाऱ्याचा वेळ मोजायला लावतो, भले चुकीचा मोजू देत.

सीए_धुळे

दंडाचीही बाजू लिहा. बिल ऑफ एन्ट्री २०२१ पासून जहाज यायच्या आदल्या दिवशीच्या आत भरायचं, सुट्टी असली तरी. उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. वीस लाखांचा माल असो की दोन कोटींचा, आकडा तोच. लहान आयातदाराचा नफा एका जोडसुट्टीत जातो. हे प्रमाणात का असू नये, एवढा एक प्रश्न पुरे.

केळीपट्टा

विषयांतर: अमळनेरी उरणला राहून भरीत कसं करतात? तिथे बामणोदची वांगी मिळतात का?

उरणकर_अमळनेरी

आईकडून येणाऱ्या गाडीत येतात. बिल ऑफ एन्ट्री लागत नाही. कपाशीच्या काड्या मात्र सोसायटी पेटवू देत नाही, गॅसवर भाजतो, मनातल्या मनात माफी मागतो.

धागापाल

भरिताचा धागा वेगळा आहे. इथे फक्त कागद.

चटईवाला_जळगाव

आता माझं रामायण. दाणा मलेशियाचा, सोबत तिथल्या सरकारचं ओरिजिन सर्टिफिकेट. सवलत मागितली. क्वेरी आली: कॅरोटारच्या फॉर्म एकमधली माहिती द्या. उत्पादनाची प्रक्रिया, कच्चा माल कुठला, ३५ टक्के मूल्यवाढ कशी काढली त्याचा हिशेब. मुदत १० दिवस कामकाजाचे. पुरवठादाराला लिहिलं. तो म्हणे, आमच्या उत्पादनखर्चाचा हिशेब आम्ही आमच्या भावाला देत नाही, तुम्हाला कसा देऊ? त्याचंही चूक नाही. मी त्याचं एक गिऱ्हाईक, वर्षाला पाच कंटेनर. त्याच्या कारखान्यात काय शिजतं हे मला जळगावात बसून सिद्ध करायचं.

जुना_शिक्का साहेब, चोरी होत होती हे मान्य. पण मला न मिळणारी माहिती माझ्याकडेच मागून चोर कसा सापडतो?

जुना_शिक्का

प्रश्न रास्त आहे, टाळत नाही. नियम करणाऱ्याचा विचार असा की सवलत तुम्ही घेताय, मग खात्रीही तुम्ही करा. दाखला देणारं सरकार तिकडचं, त्याच्यावर आपला अधिकार चालत नाही, तुमच्यावर चालतो. हे सोयीचं आहे, न्याय्य आहे असं म्हणणार नाही. निवेदनात असं सुचवा: खर्चाचा तपशील पुरवठादाराने थेट त्यांच्या दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा, दोन सरकारांनी आपसात पडताळावा, आणि लहान आयातदाराकडून फक्त प्रक्रियेची माहिती घ्यावी. 'कॅरोटार रद्द करा' लिहू नका, तो कागद तिथेच बंद होईल.

उरणकर_अमळनेरी

सध्यापुरता मार्ग: फरकाच्या रकमेइतकी सुरक्षा ठेव भरून माल प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या निर्णयावर सोडवून घ्या. डिटेन्शन आणि ग्राउंड रेंट (कंटेनर अडकल्याचं आणि जागेचं भाडं) रोज चढतंय. फ्री डेज (कंटेनरच्या भाड्याविना दिवस) किती उरले? आणि तुमच्या सीएचएला सांगा, उत्तर येत नसेल तर आइसगेटवर (कस्टम्सचं पोर्टल) नाव न कळवता तक्रार वर नेण्याची सोय आहे, ती वापरा. बरेच जण घाबरतात, काही होत नाही.

चटईवाला_जळगाव

फ्री डेज दोन उरलेत. ठेव भरतो. खेळतं भांडवल तिथे अडकणार, पण मशीन बंद ठेवण्यापेक्षा बरं.

माहेर_नंदुरबार

उशिरा आले. आमच्या घरी मिरचीचा व्यापार, आयातीशी संबंध नाही. पण कोरडवाहूंचा प्रतिसाद वाचून एक वाटलं. निवेदनात आयातदाराच्या तासांबरोबर शेतकऱ्याच्या नोंदणीचे तास मुद्दाम घालू नका, ते दुसऱ्या खात्याचं आहे, दोन्ही बाजूला पडतील. पण शेतकऱ्यांच्या गटाने हेच मोजून वेगळं पाठवावं. पद्धत तीच, वही तीच.

कोरडवाहू

वही घेतली. पहिली नोंद: काल नोंदणीला सेतूत तीन तास, सर्व्हर बंद. काम शून्य.

कळण्याची_भाकरी

तीन आठवडे झाले, माझीही वही आणलीय. एक कंटेनर, चीनहून, काहीही न अडकलेला, एकही क्वेरी नसलेला. मुद्दाम सरळ घेतला, म्हणजे कोणी म्हणायला नको की वाईट उदाहरण निवडलं.

मसुदे तपासणं आणि दुरुस्त करून घेणं, साडेपाच तास. यातला खरा वाचण्याचा वेळ एक तास, बाकी पाठपुरावा. बँकेत आगाऊ रकमेचे कागद, अडीच तास. विमा, पाऊण तास. सीएचएला सगळं पाठवणं, त्यांची चेकलिस्ट तपासून होकार देणं, दोन तास. ड्युटी भरणं वीस मिनिटं, त्यात पंधरा मिनिटं पासवर्ड. लाइनची डीओ (माल ताब्यात द्यायची चिठ्ठी) आणि कंटेनरच्या ठेवीचा पत्रव्यवहार, दीड तास. मालानंतर बँकेची जोडी जुळवणं अजून बाकी, आजपर्यंत एक तास दहा मिनिटं. एकूण पावणेचौदा तास धरा.

आणखी एक मोजलं. आमच्या कंपनीचं नाव, पत्ता आणि आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक) मी या एका कंटेनरसाठी वेगवेगळ्या ठिकाणी सतरा वेळा लिहिला किंवा तपासला. तो आयईसी म्हणजे आमचा पॅनच आहे. वर्षात एकदा एप्रिल ते जूनमध्ये तो डीजीएफटीकडे अद्ययावतही करते, काही बदललेलं नसलं तरी.

डाळमिल_तिसरी_पिढी

ताई, तुमची वही निवेदनाला जोडली तर चालेल? नाव न घालता. आमच्या मिलची मीही सुरू करतोय, फायटोसकट.

कळण्याची_भाकरी

जोडा. मालकांना विचारलंय. ते आधी म्हणाले, "एवढे तास? मग बाकीचा दिवस काय करता?" वही पुढे ठेवल्यावर गप्प बसले.

जुना_शिक्का

सतरा वेळा हा आकडा पहिल्या परिच्छेदात घ्या. तासांवर वाद घालता येतो, सतरावर येत नाही.

शेवभाजी

साहेब आपल्या बाजूला आले का भो?

जुना_शिक्का

मी पेन्शनच्या बाजूला आहे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो. जिवंत आहे हे मलाच सिद्ध करावं लागतं.

चटईवाला_जळगाव

मसुदा तयार होतोय, एकच पान. सुरुवात ताईंच्या सतराने. मग घड्याळ कुठे सुरू होतं ते. मग ओरिजिनच्या हिशेबाचा पर्याय, उशिराचा दंड मालाच्या किमतीच्या प्रमाणात, आणि प्रत्येक नव्या कागदाला ३ वर्षांची मुदत. फायटोला हात लावलेला नाही, कोरडवाहूभाऊ निश्चिंत राहा. पाईपवाल्यांचं व्याज बसत नाही, ते वेगळं पाठवा. रविवारी इथे टाकतो, चिरफाड करा.

आणि हो, कंटेनर सुटला. ठेव भरून, २३ व्या दिवशी. गाडी काल रात्री निघाली. ड्रायव्हरचा आत्ता फोन आला, कसारा घाटाच्या पायथ्याशी उभा आहे. रस्त्यात गाडी बदलली आणि ई-वे बिलावर नंबर जुन्याच गाडीचा आहे.

कळण्याची_भाकरी

भाग 'ब' मध्ये गाडीचा नंबर बदलून मिळतो, घाबरू नका. दहा मिनिटं लागतील. वहीत लिहा.